आठवी ब मध्ये पत्री सरकार

"मॅडम, हे लिहून घ्यायचं का नुसतं ऐकायचं?"

मागच्या बाकावरून हा प्रश्न आला तेव्हा मी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर होते. 8 ऑगस्ट 1942, 'करेंगे या मरेंगे', माझा आवाज चढलेला, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. चव्वेचाळीस स्लाइड्स केल्या होत्या, त्यात माझे दोन रविवार गेले होते. पुरणपोळी वाढावी आणि पाहुण्याने ठेचा आहे का विचारावं, तसं झालं. नुसतं ऐका म्हटलं असतं तर निम्मा वर्ग पेंगला असता. मी म्हटलं, "लिहून घ्या." मुलांनी माना खाली घातल्या आणि स्लाइडवरची वाक्यं उतरवायला सुरुवात केली. तास शांततेत पार पडला. मुख्याध्यापक दारातून डोकावून खूश होऊन गेले.

आमची शाळा पलूस तालुक्यात, कृष्णाकाठाला. कुंडल इथून सायकलने जाण्याइतकं. म्हणजे ज्या प्रतिसरकारबद्दल, इंग्रजांचं राज्य असतानाच लोकांनी चालवलेल्या सरकारबद्दल, आठवीच्या पुस्तकात परिच्छेद आहे, ते आमच्या आजूबाजूच्या शिवारातच उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणतात. गावात हुतात्मा स्मारक आहे. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, ते स्मारक कशाचं? एक मुलगी म्हणाली, "तिथं पोलिओचा डोस देतात." ती चूक नव्हती. देतातच.

त्या मे महिन्यात मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नियोजन करायला बसले. वार्षिक नियोजन दरवर्षी करतोच. मागच्या वर्षीचं समोर ठेवायचं, तारखा बदलायच्या, सही घ्यायची. पाठटाचणात 'उद्दिष्टे'च्या रकान्यात 'विद्यार्थ्यांमध्ये राष्ट्रप्रेमाची भावना जागृत होते' हे वाक्य मी अकरा वर्षं लिहीत आले होते. कुणाची जागृत झाली, कुणाची नाही, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. या वेळी ठरवलं की सगळं पुस्तक बदलायच्या फंदात पडायचं नाही. एकच घटक धरायचा, 'स्वातंत्र्यलढ्याचे अंतिम पर्व', आणि त्यातलं एकच प्रकरण, प्रतिसरकार, नीट लावायचं.

पहिली अडचण तासिकांची. इतिहासाला आठवड्याला दोन तासिका, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. त्यात हजेरी, सूचना, शालेय पोषण आहाराचा वास सुटला की चुळबुळ. माझ्या हिशेबाने या प्रकरणाला आठ तासिका हव्या होत्या, नियोजनात पूर्ण पाठाला चार होत्या. 'युरोप आणि भारत' आटोपता घेतला, दोन ऑफ तासिका मागून घेतल्या. पी.टी.च्या तासाला मात्र हात लावला नाही, तेवढं पाप नको.

दुसरी अडचण प्रश्नाची, आणि इथेच माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. आधी लिहिलं होतं, 'प्रतिसरकारचे कार्य स्पष्ट करा.' हा प्रश्न परीक्षेचा, त्याचं उत्तर गाइडमध्ये आहे, मुलं ते दोन मिनिटांत काढतात. मग लिहिलं, 'इंग्रजांचं राज्य असताना इथे दुसरं सरकार चाललं कसं?' हा बरा होता, पण पहिल्याच तासाला इतका मोठा घास तोंडात मावणार नाही. शेवटी एका संध्याकाळी आमच्या शेजारी बैलाला पत्र्या मारायला माणूस आला होता, तो ठोकठोक आवाज ऐकताना सुचलं. पत्री सरकार का म्हणतात? प्रश्न एवढासा. पण प्रत्येकाच्या घरात त्याचं उत्तर आहे, आणि दोन घरांतली उत्तरं जुळत नाहीत. त्या माणसाकडून दोन पत्र्या मागून घेतल्या.

पहिल्या तासाला त्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या आणि काही न बोलता पहिल्या बाकावर ठेवल्या. हातोहात फिरल्या. कुणी म्हणालं कडी, कुणी म्हणालं दाराची पट्टी. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. गेल्या चाचणीत त्याला वीसपैकी चार होते आणि वर्षभरात हजेरीला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

"बैलाची पत्री हाय मॅडम. एका पायाला दोन लागतात. बैलाचं खूर मधनं फाटल्यालं असतंय. आठ लागतात एका बैलाला. घोड्याची नाल अखंड असती."

मग तो थांबेचना. बैल दोरखंडाने कसा पाडतात, चारी पाय कसे एकत्र बांधतात, खूर आधी कसं तासतात, खिळा तिरका घालून बाहेर कसा काढतात, सरळ गेला तर आतल्या मांसाला लागतो आणि बैल आठ दिवस पाय टेकत नाही. वर्ग ऐकत होता. एकाने विचारलं, "दुखत नाय?" तो म्हणाला, "नीट मारली तर नाय." मी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, 'पत्री सरकार', आणि खडू खाली ठेवला. थोडा वेळ काही नाही. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "माणसांना?"

गृहपाठ दिला. घरातल्या, गल्लीतल्या तीन माणसांना विचारायचं की पत्री सरकार हे नाव का पडलं. वहीत रकाने आखायचे: सांगणारा कोण, वय किती, काय सांगितलं, आणि शेवटचा, बघितलं की ऐकलं. हा शेवटचा रकाना मी शाळा सुटताना घाईत घातला होता. पुढे सगळं त्याच्यावरच चाललं.

दोन दिवसांनी उत्तरं आली. एक, फितुरांच्या तळपायाला खरोखरच पत्र्या ठोकत. दोन, ठोकत नसत, तळव्यांवर काठीने मारत, त्यालाच 'पत्र्या मारणं' म्हणत. तीन, मूळ शब्द 'प्रतिसरकार', लोकांच्या तोंडी त्याचं 'पत्री' झालं. चार, पत्रकं वाटत म्हणून पत्री, हे एकाच्या वडिलांचं, आणि ते वडील पंचायत समितीत असल्यामुळे मुलगा त्यावर ठाम होता. आम्ही फळ्यावर खुणा केल्या. पहिल्या कारणाला सगळ्यात जास्त मतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, निकाल लागला म्हणून.

"आता शेवटचा रकाना वाचा," मी म्हटलं.

ऐकलं. ऐकलं. ऐकलं. वडिलांकडून ऐकलं. कीर्तनात ऐकलं. यूट्यूबवर. एकेचाळीस मुलांच्या वह्यांत 'बघितलं' हा शब्द एकदाच आला होता, एका मुलीच्या पणजीच्या नावापुढे. आणि त्या पणजीचं म्हणणं दुसऱ्या क्रमांकाचं होतं, काठ्यांचं.

जून महिन्यात याच मुलांनी 'इतिहासाची साधने' हा पाठ केला होता. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. त्या दिवशी पहिल्यांदा एकाने विचारलं, "मग मॅडम, मौखिक साधन खोटं बोललं तर?"

मधले तास मी भराभर सांगते. नकाशाचा तास मात्र जमला. 1940 च्या सुमाराचा या भागाचा नकाशा बटर पेपरवर उतरवून आजच्या नकाशावर ठेवायला दिला. मुलं आधी सांगली जिल्हा शोधत बसली. तो नव्हताच. होता सातारा, ब्रिटिशांचा, आणि त्यात मध्येमध्ये ठिगळं: औंध, सांगली, मिरज, जत. एक मुलगी म्हणाली, "गोधडी दिसतीय." कुंडलवर बोट ठेवलं तर रंग औंध संस्थानचा. किर्लोस्करवाडीही त्याच रंगात, 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर वसलेली. आता प्रश्न मुलांनीच काढला. साताऱ्याचा पोलीस मागे लागला आणि माणूस बांध ओलांडून औंधच्या हद्दीत गेला, तर? संस्थानात ब्रिटिश पोलिसांना थेट घुसता येत नसे, आणि औंधच्या राजांचा ओढा चळवळीकडे होता. तूफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं सशस्त्र दल, कुंडललाच का, याचं उत्तर अशा रीतीने बटर पेपरमधून आलं. चव्वेचाळीस स्लाइड्समध्ये ते नव्हतं.

एका मुलाने घरचं ताम्रपत्र आणलं, टॉवेलमध्ये गुंडाळून, वडिलांची शपथ घेऊन. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना दिलेलं, इंदिरा गांधींच्या नावाचं. त्यावर 1972 च्या शेजारी 1894 असा आकडा बघून गोंधळ उडाला. "मॅडम, माझे पंजोबा 1894 ला जन्मलेले पण नव्हते." शक आणि इसवी सन यांच्यातला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, दरवर्षी पुसते. या वेळी तो त्यांनीच वजाबाकी करून काढला. ताम्रपत्राला हात लावण्याआधी मुलांनी नळावर जाऊन हात धुतले, मी सांगितलं नव्हतं.

शेणोलीच्या तासाला नुसता एका शब्दावर वाद झाला. 7 जून 1943 ला शेणोली स्टेशनजवळ तूफान सेनेने सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवून तो ताब्यात घेतला. वहीत काय लिहायचं, 'लूट', 'दरोडा', 'हल्ला' की आणखी काही? मी दोन गट केले, एक सातारच्या इंग्रज कलेक्टरचा, एक कुंडलच्या पोरांचा, आणि प्रत्येकाला चार ओळींची बातमी लिहायला सांगितली. कलेक्टरच्या गटाने 'दरोडेखोर' लिहिलं. कुंडलच्या गटातली एक मुलगी म्हणाली, "लूट कशी? पैसा इथल्याच सारा भरणाऱ्यांचा." त्यांनी लिहिलं, 'पैसे घरी आणले.' हा शब्दप्रयोग मला अजून आवडतो. 24 जुलै 1943 चं वसंतदादांचं सांगलीच्या तुरुंगातून निसटणं सांगताना मात्र मी पुन्हा गोष्टच सांगितली, साभिनय. वर्गाला मजा आली आणि कुणी काही विचारलं नाही. गोष्ट चांगली झाली की प्रश्न येत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग पणजीबाई.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सहा मुलांना घेऊन गेले. आधी वर्गात प्रश्न काढून घेतले होते. मुलांचा पहिला प्रश्न होता, "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" टीव्हीवरच्या मुलाखतींनी हे शिकवलंय. मी तो खोडला आणि म्हटलं, ज्याचं उत्तर हाताने दाखवता येईल असं विचारा. काय शिजलं होतं, कुठे झोपत होता, अंगात काय होतं.

आजी ओट्यावर बसल्या होत्या, नव्वदी ओलांडलेल्या, नऊवारी, कपाळावर गोंदण. त्या वेळी नऊ-दहा वर्षांच्या असतील.

"तुमी मास्तरीण व्हय? बसा. च्या ठेव गं."

"आजी, चळवळीच्या वेळी तुमच्या घरात काय शिजत होतं?" मुलाने कागदावरून वाचलं.

आजी हसल्या. "आमच्यासाटनं का त्यास्नी?"

"त्यास्नी म्हणजे?"

"सांजंला आय पाटी भरायची. खाली भाकऱ्या, फडक्यात बांधल्याल्या. वर शेणी. मी म्होरं, आय मागं. शाळवाच्या रानात बांधाला ठिवायची नि माघारी फिरायचं. मागं बगायचं न्हाई, असं आय म्हनायची."

"रानात कोण होतं?"

"मागं बगायचं न्हाई म्हनल्यावर कसं दिसंल बाळा?"

"किती भाकऱ्या?"

"सात-आठ. कवा बारा. मग आमी घरात कण्या खायचो." त्यांनी दोन्ही हातांनी पाटीचा आकार दाखवला आणि शेणी कशा रचायच्या तेही, कडेने उभ्या, मधे आडव्या, म्हणजे फडकं दिसत नाही. मुलं तो आकार हाताने करून बघत होती.

प्रतिसरकारचे नेते नाना पाटील, त्यांना बघितलं का, तर हो, गांधी लग्न लावायला आले होते, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही, हारतुरे घातले की झालं. कधी? "बेचाळीसला." मुलांनी घरी जाऊन पडताळलं. प्रतिसरकार उभं राहिलं 1943 मध्ये, नाना पाटील भूमिगत होते 1946 पर्यंत, मग लग्न 1942 चं कसं? एकाने 'आजी चुकल्या' असं लाल पेनने लिहिलं. त्या पिढीकडे 'बेचाळीस' ही एकच मोठी पाटी आहे, चार वर्षांचं सगळं त्यातच टाकलेलं, हे मी त्याला समजावलं. त्याने लाल रेघ ठेवली, पुढे कंसात 'अंदाजे' लिहिलं.

आणि मग काठ्यांचं. चावडीपुढे गल्लीतल्याच एकाला धरून आणलं होतं, आजींनी दारातून बघितलं. तळव्यांवर काठ्या मारल्या. "पत्री-बित्री काय ठोकली न्हाई. पर समदी म्हनायची पत्र्या ठोकल्या. त्यो म्हैनाभर खुरडत चालला." आजींनी त्याचं नावही सांगितलं. मी सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होते.

इथे माझी चूक झाली, आणि ती माझीच. सोमवारी मी ते रेकॉर्डिंग वर्गात लावलं. घरी पुन्हा ऐकून बघितलं नव्हतं. आवाज स्पष्ट यावा म्हणून स्पीकरही आणला होता. आजींनी उच्चारलेलं आडनाव वर्गात घुमलं. ते आडनाव आमच्या गावात एकाच घराचं आहे आणि त्या घरचा मुलगा चौथ्या बाकावर बसतो.

"मग ह्याचा पणजा फितूर!"

कुणीतरी हसलं. मी ओरडले, रेकॉर्डिंग बंद केलं, पण स्पीकर बंद करून काय होतंय. तो दप्तराच्या बंदाकडे बघत बसला. मंगळवारी आला नाही. बुधवारीही नाही.

बी.एड.ला आम्हाला 'परिसरातील उदाहरणे द्या' असं वीस वेळा सांगितलं होतं. परिसरात माणसं राहतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, हे जास्त खरं. अफझलखानाच्या वधावर वर्गात कुणाला रडू येत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या काठ्या मात्र अजून कुणाच्या तरी घरात पडलेल्या आहेत.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मुलाचे आजोबा सोप्यात दोर वळत बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मारलं ते खरं हाय, मॅडम. फितूर हुता का नव्हता, कुणी सांगावं? उसनं पैसं मागितलं म्हणून कुणीतरी नाव घातलं, असं माझी आई म्हणायची." मग जरा थांबून, "पण ती त्याची बायको. ती दुसरं काय म्हणणार?"

साधनांची चिकित्सा म्हणून मी जे वर्गात शिकवू बघत होते, ते या माणसाने स्वतःच्या आईबाबत, स्वतःच्या सोप्यात करून टाकलं होतं. मी गप्प बसले.

"पोराला धाडतो उद्या. तेवढं रेकॉर्डिंग पुसा."

मला त्यातला तुकडा कापता येत नव्हता. त्यांच्यासमोर सगळंच पुसलं. घरी येताना लक्षात आलं की पाटी, शेणी, 'मागं बगायचं न्हाई', सगळं गेलं. मुलांच्या वह्यांत उतरलेलं तेवढं राहिलं.

पुढच्या शनिवारी मी एकटीच पुन्हा आजींकडे गेले, पुन्हा रेकॉर्ड करावं म्हणून. भाकऱ्यांचं त्यांनी सांगितलं, या वेळी वीस झाल्या होत्या. चावडीचं विचारलं तर म्हणाल्या, "तसलं काय बगितलं न्हाई म्या. ल्हान हुते." पणती शेजारीच बसली होती. बाहेर पडल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या आजोबांनी तिला गप बस म्हणून सांगितलंय."

आता वर्गात काय करायचं? फळ्याच्या कोपऱ्यात 'बघितलं' या रकान्यात एकच खूण होती, ती पुसायची की ठेवायची? आडनाव न घेता, कुठल्या घराचं तेही न सांगता, मी एवढंच सांगितलं की साक्षीदाराने साक्ष फिरवली आहे. तास त्यावर गेला. एक गट म्हणाला, पहिल्यांदा सांगितलं तेच खरं, तेव्हा कुणी दबाव टाकला नव्हता. दुसरा म्हणाला, पहिल्यांदा मोबाइल बघून आजी रंगात आल्या असतील, भाकऱ्या नाही का वाढल्या. पत्री आणली तेव्हा बोललेला मुलगा म्हणाला, "खूण ठेवा, पण शेजारी लिवा, नंतर नाय म्हणाल्या." तसंच लिहिलं. चौथ्या बाकावरचा मुलगा या तासाला वर्गात होता. तो काही बोलला नाही, पण वहीत त्याने ते लिहून घेतलं.

तेव्हापासून माझे नियम बदलले. वर्गात लावायचं ते आधी घरी दोनदा ऐकते. गावातल्या कुणाचंही नाव फळ्यावर येत नाही, 'एक माणूस', 'एक घर' असंच लिहायचं, मग तो हुतात्मा असो नाहीतर कुणी. मुलाखतीला जाण्याआधी घरच्यांना विचारते, काय विचारलेलं चालेल. असं केल्याने उत्तरं थोडी बोथट येतात, हे खरं आहे. तासगावच्या कचेरीवरचा 3 सप्टेंबर 1942 चा मोर्चा, वडूजचा 9 तारखेचा, इस्लामपूरचा 10 तारखेचा, हे सगळं मी नावानिशी शिकवते, ते सार्वजनिक आहे. चावडीपुढचं ते तसं नाही.

खर्च काय झाला तेही सांगते. पुढचा 'सशस्त्र क्रांतिकारी चळवळ' मी दोन तासिकांत उरकला आणि भगतसिंगांना त्यात अन्याय झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, भाग कधी संपणार? आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यांचं चुकत नव्हतं. चाचणीत गुण फार वाढले असंही नाही. 'पत्री सरकार हे नाव का पडले?' या दोन गुणांच्या प्रश्नाला अर्ध्या वर्गाने पानभर लिहिलं, 'काही म्हणतात', 'पण बघितलेलं कुणी नाही', 'एक आजी आधी हो म्हणाल्या'. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षिका पेपर बघून म्हणाल्या, "ह्यांना उत्तर येतच नाही वाटतं." वेळेअभावी चार मुलांचे पुढचे प्रश्न राहिले. त्यांना उत्तर आटोपतं लिहायला शिकवणं ही माझ्या पुढच्या वर्षाच्या नियोजनातली पहिली ओळ आहे.

फेब्रुवारीत 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती' आलं. मी तयारी कमीच केली होती, लग्नसराई होती घरात. सहज विचारलं, आपला सांगली जिल्हा कधीपासून? बटर पेपरची आठवण ठेवून एकजण म्हणाला, "तेव्हा तर नव्हता." 1949 मध्ये साताऱ्याचे दोन केले, खालच्या भागाचं नाव दक्षिण सातारा, 1960 मध्ये त्याचं सांगली झालं, एवढं सांगून मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथ्या बाकावरचा मुलगा शिक्षक कक्षाच्या दाराशी उभा. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला जमिनीचा उतारा. त्याने तो टेबलावर नीट उलगडला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'जि. द. सातारा.' खाली खातेदाराचं नाव होतं, ते त्याने वहीच्या कागदाची पट्टी लावून झाकलं होतं.

"आजोबांनी दिलाय. वर्गात दाखवलेला चालंल म्हणाले." मग पिशवीची घडी घालत विचारलं, "उद्या आणू का परत, का आजच घेताय?"